सिंटॅक्स ट्रीच्या नोडांचं डॉक्युमेंटेशन: रिकामं फील्ड म्हणजे नेमकं काय?

कांदापट्टी

नमस्कार मंडळी. नाशिकला कॉलेज रोडवर आमचं चार जणांचं ऑफिस आहे. लासलगाव, पिंपळगाव भागातल्या व्यापाऱ्यांसाठी आम्ही हिशेबपट्टीचं सॉफ्टवेअर करतो. पट्टीतून काय वजा करायचं आणि किती, हे सारखं बदलत असतं. दर वेळी कोडमधले आकडे बदलायला नकोत म्हणून एक छोटी सूत्रभाषा केली. दिवाणजी स्वतःच सूत्र लिहितात:

    रक्कम = वजन * भाव - हमाली - तोलाई गोल २

शेवटचं 'गोल २' म्हणजे दोन दशांश स्थळांपर्यंत गोल कर. पार्सर पायथनमध्ये लिहिलाय. तो सूत्र वाचून त्याचे तुकडे करतो आणि नोडांचं झाड (सिंटॅक्स ट्री) देतो. नोड म्हणजे सूत्राचा एक तुकडा, आणि फील्ड म्हणजे नोडातला एकेक रकाना. पुढचं सगळं त्या झाडावर चालतं: हिशेब, छपाई, चुका दाखवणं.

गेल्या महिन्यात ऑफिसात नवीन मुलगा आला. मुलगा हुशार आहे. त्याला पट्टीच्या खाली 'ही रक्कम कशी आली' हे छापणारा भाग करायला दिला. डॉक्युमेंटेशन वाचून कर म्हटलं. आमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये काय होतं ते जसंच्या तसं देतो:

    नेमणूक: नेमणुकीचा नोड. फील्डं: नाव, मूल्य, गोल.
    वजाबाकी: वजाबाकीचा नोड. फील्डं: डावं, उजवं.

त्याने 'गोल' फील्ड वाचलं, रिकामं असेल तर शून्य धरलं. आमच्याकडे रिकाम्याचा अर्थ 'गोल करूच नका' असा आहे, आणि 'गोल ०' चा अर्थ 'पूर्ण रुपयांवर आणा' असा. दोन्ही एकच धरल्यामुळे ज्या सूत्रात 'गोल' लिहिलंच नव्हतं तिथे छापलेली रक्कम पूर्ण रुपयात आली आणि खात्यातली पैशांसकट राहिली. एका व्यापाऱ्याच्या दिवाणजींनी संध्याकाळी मेळ घालताना पकडलं. शेतकऱ्याच्या हातात गेलेला कागद आणि वहीतला आकडा वेगळा, ही आमच्या धंद्यात साधी गोष्ट नाही. मुलाला मी काही बोललो नाही, कारण चूक माझी होती. 'नेमणुकीचा नोड' असं लिहून मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं.

आता एकूण २३ प्रकारचे नोड आहेत. सगळ्यांचं नीट लिहायला बसलोय आणि पहिल्याच पानावर अडलोय. फंक्शनचं डॉक्युमेंटेशन कसं लिहायचं ते कळतं: काय घेतं, काय देतं, कधी चूक देतं. पण नोड काहीच करत नाही, तो नुसता असतो. त्याच्याबद्दल काय लिहायचं? कोणी हे काम केलं असेल तर सांगा.

---

सातपूरकर

दादा, तुम्ही ज्या जागी अडलात तिथे पायथनची स्वतःची लायब्ररीसुद्धा बरीच वर्षं होती. पायथन कोडचं असंच झाड देणाऱ्या एएसटी मॉड्यूलच्या पानावर पूर्वी मुख्य मजकूर म्हणजे व्याकरणाची एक यादी होती. ही यादी एएसडीएल नावाच्या लिपीत असते. फील्डापुढे प्रश्नचिन्ह असेल तर ते रिकामं असू शकतं, तारा असेल तर ती यादी आहे. आकार कळतो, अर्थ कळत नाही. म्हणून थॉमस क्लायव्हर यांनी 'ग्रीन ट्री स्नेक्स' नावाने वेगळं डॉक्युमेंटेशन लिहिलं, प्रत्येक नोडला उदाहरण देऊन. लोक वर्षानुवर्षं तेच वाचत होते. पायथन ३.९ च्या वेळी त्यातली वर्णनं अधिकृत पानावर घेतली गेली आणि तसा उल्लेखही तिथे आहे.

ते पान आज उघडून बघा. पद्धत साधी आहे: एक-दोन वाक्यांत नोड कशाचा, प्रत्येक फील्डात काय येतं, आणि खाली एक ओळ कोड आणि त्याचं पूर्ण झाड. मला स्वतःला वाक्यांपेक्षा झाडाने जास्त शिकवलं. उदाहरणार्थ 'एलिफ'साठी वेगळा नोडच नाही. तो आधीच्या 'इफ'च्या 'ऑरएल्स' (नाहीतर) यादीत आणखी एक 'इफ' म्हणून बसतो. हे कितीही शब्दांत सांगा, छापलेलं झाड एकदा बघितलं की डोक्यात पक्कं बसतं. तसंच 'उणे ५'. मला वाटायचं तो एक आकडा. झाडात तो 'युनरीऑप' (एकाच आकड्यावर चालणारी क्रिया) आहे आणि त्याच्या पोटात ५.

तुमच्या वजाबाकीच्या नोडालाही हेच लागू. एकामागून एक तीन वजाबाक्या आल्या तर यादी होते की एकात एक घुसतात? आणि घुसत असतील तर डावीकडून की उजवीकडून? 'फील्डं: डावं, उजवं' यावरून ते कळत नाही.

---

गोदाकाठ

मी पंचवटीत राहते, ३१ वर्षं मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे. प्रोग्रामिंग येत नाही, मुलगी हे काम करते म्हणून तिच्या शेजारी बसून धागा वाचला. तरी लिहावंसं वाटलं, कारण तुम्ही ज्याला झाड म्हणताय ते आम्ही वर्गात फळ्यावर रोज मांडायचो. वाक्यपृथक्करण. उद्देश्य, उद्देश्यविस्तार, कर्म, कर्मविस्तार, विधेयविस्तार, विधेय, असे रकाने आखायचे आणि वाक्य त्यात भरायचं.

मुलं सगळ्यात जास्त कुठे चुकत असत, सांगते. रिकाम्या रकान्यात.

'लवकर घरी जा.' या वाक्यात कर्ता लिहिलेला नाही. मुलं रकान्यात रेघ मारून मोकळी होत. मी ती रेघ खोडायला लावायचे, कारण कर्ता आहे, 'तू' हा कर्ता अध्याहृत आहे. आता 'मुलगा हसला' घ्या. कर्माचा रकाना रिकामा, आणि तो खरोखरच रिकामा, कारण क्रियापद अकर्मक आहे. तिथे रेघच बरोबर. म्हणजे कागदावर दोन्ही रकाने कोरे, पण एक 'आहे, लिहिलं नाही' म्हणून कोरा आणि दुसरा 'नाहीच' म्हणून कोरा. या दोन्हींसाठी मी मुलांना वेगळी खूण करायला लावायचे. कंसात 'तू' लिहा, किंवा रेघ मारा. कोरा सोडायचा नाही.

तुमच्या त्या मुलाला कोरा रकाना दिला होता. तो काय करणार?

---

कांदापट्टी

बाई, तुमचा प्रतिसाद ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवला. अध्याहृत हा शब्द शाळेनंतर आजच ऐकला, आणि आमच्या अडचणीला याहून नेमका शब्द मला सापडला नसता.

त्या दृष्टीने २३ नोड पुन्हा तपासले. ९ फील्डं रिकामी असू शकतात. त्यातली ४ अध्याहृत आहेत: लिहिलं नसलं तरी काहीतरी ठरलेलं धरायचं. उदाहरणार्थ वजनाला एकक लिहिलं नाही तर क्विंटल. उरलेली ५ खरोखर 'नाही' या अर्थाने रिकामी. 'गोल' या पाचांत येतं. कोडमध्ये मात्र नऊही फील्डं सारखीच 'नन' (पायथनमध्ये 'काही नाही') आहेत.

सातपूरकर, वजाबाकी डावीकडून घुसते. तुमच्या सांगण्यावरून पहिलं पान असं लिहिलंय:

    नेमणूक

    सूत्राच्या एका ओळीचा सगळ्यात वरचा नोड. बरोबरच्या खुणेच्या
    डावीकडे नाव, उजवीकडे ते काढायची रीत.

    नाव    ज्याला किंमत द्यायची ते नाव. कधीच रिकामं नसतं.
    मूल्य   कोणताही हिशेबी नोड. कधीच रिकामं नसतं.
    गोल    दशांश स्थळांची संख्या, ० ते ४.
           रिकामं असेल तर गोल करायचं नाही.
           रिकामं आणि ० हे वेगळे आहेत: ० म्हणजे पूर्ण रुपयांवर आणा.

    रक्कम = वजन * भाव - हमाली - तोलाई गोल २

    नेमणूक
      नाव: रक्कम
      मूल्य: वजाबाकी
        डावं: वजाबाकी
          डावं: गुणाकार
            डावं: वजन
            उजवं: भाव
          उजवं: हमाली
        उजवं: तोलाई
      गोल: २

    झाडात राहत नाही: कंस, टिपणं, मोकळ्या जागा.

शेवटची ओळ नवीन मुलाच्या आग्रहाने घातली. पट्टीखाली सूत्र छापताना दिवाणजींनी घातलेले कंस त्याला हवे होते आणि तो दोन दिवस झाडात ते शोधत होता. नसलेली गोष्ट शोधायला दोन दिवस लागतात, कारण ती नाही असं कुठे लिहिलेलं नसतं.

---

सातपूरकर

हे पान मला आवडलं. रिकामं असू शकतं की नाही हे तुम्ही प्रत्येक फील्डाला लिहिलंत, ते सोडू नका. गो भाषेच्या झाडाच्या लायब्ररीत, गो-एएसटीमध्ये, हीच शिस्त आहे. फंक्शन कॉलच्या नोडात आर्ग्युमेंटच्या (फंक्शनला दिलेल्या किमतींच्या) यादीसमोरच लिहिलंय की ती 'निल' (रिकामी) असू शकते, आणि तीन टिंबांच्या जागेसमोर लिहिलंय की टिंबं नसतील तर 'नोपॉस' (जागाच नाही) येईल. एकेका ओळीची टीप आहे, पण वापरणाऱ्याचा हात धरून नेते.

याउलट पायथनच्या झाडातल्या दोन जागांवर मी ठेचकाळलोय. डिक्शनरीत (नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या यादीत) दोन तारे लावून दुसरी डिक्शनरी ओतली, तर 'कीज' यादीत त्या जागी 'नन' येतं आणि ओतलेली वस्तू 'व्हॅल्यूज'मध्ये जाते. म्हणजे यादी रिकामी नाही, यादीतलं एक घर रिकामं आहे. दुसरं, फंक्शनच्या डिफॉल्टची, म्हणजे काही दिलं नाही तर धरायच्या किमतींची, यादी. ती आर्ग्युमेंटांपेक्षा आखूड असेल तर डिफॉल्ट शेवटच्या आर्ग्युमेंटांचे धरायचे. पहिल्यापासून जोडत गेलात तर प्रत्येक उत्तर चुकतं. दोन्ही गोष्टी डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिल्या आहेत. मी वाचल्या नव्हत्या.

---

मुक्काम_नाशिकरोड

एका गोष्टीकडे कोणी बघितलेलं दिसत नाही: जागा. नोड सूत्रात कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो. तुम्ही चुका दाखवता म्हणजे नोडावर जागा ठेवत असणार. ती कशात मोजता?

प्रश्न किरकोळ वाटेल, पण देवनागरीत तो किरकोळ राहत नाही. तुमचीच ओळ घ्या: रक्कम = वजन * भाव. 'वजन' कितव्या जागी सुरू होतं? शून्यापासून मोजू.

डोळ्याने मोजलं तर र, क्क, म ही तीन अक्षरं, मग जागा, बरोबर, जागा. उत्तर ६. पायथनच्या स्ट्रिंगमध्ये मोजलं तर 'रक्कम'ची पाच चिन्हं होतात, कारण क, हलन्त, क हे सुटे. उत्तर ८. यूटीएफ-८ च्या (फाईल साठवायच्या नेहमीच्या पद्धतीच्या) बाइटमध्ये मोजलं तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट, पाचांचे १५, वर ३. उत्तर १८.

पायथनचं स्वतःचं झाड 'कॉलऑफसेट'मध्ये (नोडाच्या सुरुवातीच्या जागेत) बाइट देतं. हीच ओळ पायथन म्हणून पार्स करा (देवनागरी नावं पायथन ३ ला चालतात), १८ येईल. डॉक्युमेंटेशनमध्ये तसं लिहिलेलं आहे, पण इंग्रजी कोडमध्ये तिन्ही उत्तरं एकच येत असल्याने ते वाक्य कोणाच्या लक्षात राहत नाही. मग आपण त्या आकड्याने स्ट्रिंग कापायला जातो आणि भलतंच हातात येतं. ३.८ पासून 'गेट सोर्स सेगमेंट' नावाचं फंक्शन आहे, ते बाइटचा हिशेब स्वतः सांभाळतं. एडिटरशी बोलणारा लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल तर मुळात यूटीएफ-१६ च्या एककात मोजतो. देवनागरीत ते ८ शी जुळतं, पण इमोजी आला की नाही जुळत.

म्हणून प्रत्येक नोडाच्या पानावर नको, पण डॉक्युमेंटेशनच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहाच: कशात मोजतो, ओळ आणि जागा शून्यापासून की एकापासून (पायथनमध्ये ओळ १ पासून, जागा ० पासून), आणि शेवटचा आकडा नोडाच्या आतला की नंतरचा. आणि उदाहरण देवनागरीच द्या. 'अ = ब' सारखं नको, जोडाक्षर असलेलं द्या.

---

कांदापट्टी

आत्ता बघितलं. आमच्याकडे दोन्ही आहे. पार्सर चिन्हं मोजतो आणि चूक दाखवणारा भाग बाइट धरतो. लांब सूत्रात लाल रेघ भलत्या शब्दाखाली का येते याची तक्रार वर्षभर पडून होती. आज कारण कळलं. मनापासून आभार.

---

मुक्काम_नाशिकरोड

मग आणखी एक तपासा, नावाचा नोड. तुमच्या सूत्रांत 'शेतकऱ्याची_रक्कम' असं नाव नक्की असणार. त्यातला ऱ तीन तऱ्हांनी टाइप होऊन येतो. एक, ऱ हे एकच चिन्ह. दोन, र आणि त्याखाली वेगळा नुक्ता. तीन, र, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे. स्क्रीनवर तिन्ही सारखेच दिसतात. पायथन आपल्या नावांना एनएफकेसी पद्धतीने एकरूप करतो, त्यामुळे पहिली दोन त्याच्या झाडात एकच होतात. तिसऱ्याला तो नावात मान्यच करत नाही, सिंटॅक्सची चूक देतो. पण तुमच्या भाषेतली नावं तुमचा पार्सर वाचतो. तो काय करतो?

---

कांदापट्टी

काहीच करत नव्हता. निफाडच्या एका ऑफिसात दोन दिवाणजी, दोन कीबोर्ड. एकाने ठरवलेलं नाव दुसऱ्याच्या सूत्राला 'सापडत नाही' म्हणायचं. आम्ही दर वेळी फोनवर 'पुन्हा टाइप करून बघा' सांगायचो.

आता नावाच्या नोडाला दोन फील्डं केली. 'नाव' म्हणजे एकरूप केलेलं, जुळवाजुळवीसाठी हेच वापरायचं. 'लिहिलेलं' म्हणजे दिवाणजींनी जसं टाइप केलं तसं, छापायला आणि चुकीत दाखवायला हेच. जोडक आम्ही नाकारत नाही, 'नाव' बनवताना ऱ मध्ये बदलतो. दोन्हींची उदाहरणं पानावर घातली आणि चिन्हं सुटी करून दाखवली, कारण नुसती छापली तर वाचणाऱ्याला दोन्ही एकच दिसणार.

---

द्राक्षबाग

मी रुबी भाषेत काम करतो. प्रिझम नावाचा पार्सर बघा. रुबी ३.३ सोबत तो आला आणि ३.४ पासून मूळ पार्सर झाला. त्यात सगळ्या नोडांचं वर्णन एकाच यामल (माणसाला आणि यंत्राला दोघांना वाचता येणाऱ्या) फाईलमध्ये आहे: फील्डं, त्यांचे प्रकार, शब्दांतलं वर्णन आणि उदाहरण. त्याच फाईलवरून सी, रुबी आणि जावाचे क्लास तयार होतात आणि डॉक्युमेंटेशनही. त्यामुळे फील्ड वाढलं आणि पानावर आलं नाही असं होत नाही. उदाहरणाच्या खाली टोपीच्या खुणा (^) मारून ओळीतला नेमका कोणता भाग या फील्डाचा, हेही दाखवलेलं असतं.

गोदाकाठ बाईंचं अध्याहृत तिथे अगदी तसंच आहे. रुबीत मेथड कोणावर चालवायची ते लिहिलं नाही तर 'रिसीव्हर' रिकामा येतो, आणि त्याचा अर्थ 'सेल्फ', म्हणजे चालू वस्तू स्वतः, अध्याहृत.

---

कांदापट्टी

टोपीच्या खुणा आजच करून बघितल्या. देवनागरीत जमत नाही. 'क्क' एका खुणेएवढा रुंद नाही, 'हमाली'तली वेलांटी वेगळी जागा घेते, आणि प्रत्येक फाँटमध्ये निराळं. एका मशीनवर जुळलेल्या खुणा दुसऱ्यावर घसरतात. शेवटी खुणा काढल्या आणि फील्डासमोर तो मजकूरच पुन्हा लिहिला: 'मूल्य: «वजन * भाव - हमाली - तोलाई»'. लांबलचक होतं, पण कुठेही उघडलं तरी खरं राहतं.

एकाच फाईलवरून सगळं करण्याबद्दल मात्र मन होत नाही. आमच्या आधीच्या डॉक्युमेंटेशनमधली 'नेमणुकीचा नोड' ही ओळ क्लासच्या नावावरून आपोआपच तयार झाली होती.

---

सातपूरकर

इथे मी द्राक्षबाग यांच्या बाजूने आहे, अर्धा. फील्डांची यादी, प्रकार, रिकामं असू शकतं का, हे यंत्राकडून घ्या. माणूस ते लिहिताना आज ना उद्या चुकतोच. पण रिकामं असेल तर अर्थ काय, हे माणसानेच लिहायचं. प्रिझममध्येसुद्धा ती वाक्यं माणसांनीच लिहिली आहेत, फक्त यंत्र वाचेल अशा जागी ठेवली आहेत. तुम्ही एक नियम करा: फील्ड रिकामं असू शकत असेल आणि त्याच्या अर्थाचं वाक्य नसेल तर टेस्ट नापास.

आणि उदाहरणातली झाडं हाताने लिहू नका. डॉकटेस्ट लावा, म्हणजे पानावरची उदाहरणं यंत्र चालवून तपासेल. पायथनच्या त्या पानावरची उदाहरणंही तशीच चालवून तपासता येतात. छापताना एक जपा: पायथन ३.१३ पासून एएसटीचं झाड छापणारं फंक्शन 'डंप' रिकाम्या याद्या आपणहून दाखवत नाही. झाड सुटसुटीत दिसतं, पण नवशिक्याला वाटतं की ते फील्डच नाही. तुमच्या पानांवर रिकामं फील्ड दिसू द्या.

---

गोदाकाठ

छापताना त्या रिकाम्या जागी दोन वेगळ्या खुणा करता येतील का? रेघ आणि कंस.

---

कांदापट्टी

केल्या, बाई. झाड छापणाऱ्या फंक्शनमध्येच केल्या, म्हणजे पानांवरही त्याच येतात आणि कोड तपासतानाही त्याच दिसतात:

    नेमणूक
      नाव: रक्कम
      मूल्य: गुणाकार
        डावं: वजन
          एकक: (क्विंटल)
        उजवं: भाव
      गोल: —

कंसात आहे ते अध्याहृत, रेघ आहे ते नाही. सातपूरकरांचा नियम काल संध्याकाळी टेस्टमध्ये घातला. नऊपैकी सहा फील्डांवर नापास झाली. पाचांची वाक्यं लगेच लिहिली. सहावं 'जर' नोडातलं 'नाहीतर'. त्याचा अर्थ लिहायला बसलो तेव्हा कळलं की आम्हा चौघांचं त्यावर एकमत नाही. दोघं म्हणतात अट जुळली नाही आणि 'नाहीतर' नसेल तर उत्तर शून्य, दोघं म्हणतात चूक दाखवायची. कोड आजवर शून्य देत आलाय. नवीन मुलगा आज ग्राहकांची सगळी जुनी सूत्रं काढून बसलाय, 'नाहीतर' न लिहिलेली किती आहेत ते मोजतोय. आकडा आला की त्या पानावर काय लिहायचं ते ठरवू आणि पान इथे टाकतो.